महादेवपुऱ्याची शेतजमीन : निर्णय कोणाचा आणि नफा कोणाचा?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात देण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या पूर्व भागात मुसळधार पाऊस झाला. बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता, बाह्य वर्तुळाकार रस्ता हा सारा टापू पाण्याखाली गेला. जगभरच्या बड्या कंपन्यांचे संगणक-अभियंते ट्रॅक्टरमध्ये बसून कचेऱ्या गाठत असल्याची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. निसर्गाचा कोप झाला, अशी सरकारी बाजूने मांडणी झाली. वस्तुतः तेथे पाणी आपल्या जुन्याच वाटेने चालले होते. ज्या जमिनीवर ते साचले ती एके काळी शेतजमीन होती, तळ्याखालची पाणथळ होती, नाहीतर एका तळ्याचे जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारा राजकालुवे, म्हणजे मोठा ओढा होता. मग या जमिनीवर इमारती उभ्या राहू देण्याचा निर्णय कोणी घेतला आणि त्या निर्णयातून कोणाची तिजोरी भरली? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

तळ्यांच्या मुलखाचे रूपांतर

महादेवपुरा हा मूळचा खेड्यांचा मुलूख. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचे पाणी सुमारे नऊशे एकरांच्या बेळ्ळंदूर तळ्यात यावे, तेथून वर्तूरच्या तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जावे, अशी येथील जलव्यवस्था. या तळ्यांच्या भिजवणीवर गावे जगत. आज संगणक-उद्योगाचे प्रतीक मानले जाणारे व्हाइटफील्ड हीसुद्धा मुळात शेतीचीच वसाहत होती. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ती वसवण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर जवळच दूरवाणीनगर येथे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्यासाठीही जमीन लागलीच. परंतु त्या जमिनीवर कायम नोकरीचा संघटित कामगार, त्याची वसाहत आणि त्याची युनियन उभी राहिली. १९९४ नंतरचे पर्व निराळे. सिंगापूरच्या भागीदारीतील आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान व्हाइटफील्डला आले, कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने निर्यात-प्रोत्साहन क्षेत्र आखले आणि भोवतालच्या गावांतील जमिनीचा भाव पिकावरून ठरण्याऐवजी कंपनीच्या फाटकापासूनच्या अंतरावरून ठरू लागला. महादेवपुऱ्याला नगरपालिका होती. २००७ साली ती आणि आणखी सहा नगरपालिका, केंगेरीची नगर परिषद व सुमारे ११० गावे बंगळूर महापालिकेत एकाच फटक्यात विलीन करण्यात आली. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ज्या प्रश्नाचा जाब विचारता येत होता तो प्रश्न आता शहरातल्या कचेऱ्यांत गेला.

परवानगीची तीन दारे

शेतजमीन बांधकामाखाली आणण्यासाठी कर्नाटकात मुख्यतः तीन दारे आहेत, आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्याच हाती आहे.

पहिले दार महसूल खात्याचे. महाराष्ट्रात जिला बिनशेती परवानगी म्हणतात तीच कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ९५ खाली जिल्ह्याच्या उपायुक्ताकडून, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून, घ्यावी लागते. उपायुक्ताने चार महिन्यांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूदही या कायद्यात करण्यात आली. वरवर पाहता ही नागरिकाची सोय आहे. परंतु ज्या कचेरीत गरिबाच्या सात-बाराच्या नोंदीला वर्षे लागतात तेथे अधिकाऱ्याचे मौन हेच धनिकाच्या कामाचे हुकूमपत्र ठरू शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरे दार नगररचनेचे. विकास आराखड्यात जमीन शेती किंवा हरित पट्टा म्हणून दाखवली असेल तर १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाच्या कलम १४-अ खाली वापरबदलाचा अर्ज करता येतो. आराखडा हा सर्व जनतेशी केलेला जाहीर करार असतो. वापरबदल मात्र एकेका सर्व्हे नंबरापुरता, एकेका अर्जदारासाठी होतो. अशा शेकडो अर्जांची बेरीज झाली की मूळ आराखडा भिंतीवरच्या नकाशापुरता उरतो. बंगळूरचा २०१५ पर्यंतचा आराखडा २००७ साली मंजूर झाला. २०३१ पर्यंतचा मसुदा २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि २०२० मध्ये मागे घेण्यात आला. परिणामी, मुदत उलटून गेल्यावरही जुन्याच आराखड्यावर शहराचा कारभार चालत राहिला. जेथे नवा आराखडा नाही तेथे अपवाद हाच नियम होतो.

तिसरे दार औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचे, आणि ते सर्वांत रुंद आहे. १९६६ च्या स्वतंत्र कायद्याखाली हे मंडळ अधिसूचना काढून जमीन संपादन करते. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. मंडळाच्या कायद्यातून होणाऱ्या संपादनाला ती अट आड येत नाही.

या तिन्ही दारांपाशी गावाने निवडून दिलेला प्रतिनिधी कोठे आहे? संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन हे विषय स्थानिक संस्थांच्या नावे लिहिले. प्रत्यक्षात आराखड्याचा अधिकार वर्षानुवर्षे राज्य सरकारने नेमलेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाकडे राहिला. महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे, महापालिका विसर्जित होईपर्यंत, निवडणूकच झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका करण्यात आल्या, महादेवपुरा पूर्व महापालिकेत गेला. पण नियोजनाची सूत्रे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील बृहत् बंगळूर प्राधिकरणाकडेच ठेवण्यात आली. निर्णय स्थानिक जमिनीचा, परंतु निर्णयकर्ता स्थानिक नाही, हे येथील व्यवस्थेचे मर्म आहे.

नफ्याचे गणित

कॉम्रेड्स, जमिनीचा भाव म्हणजे भविष्यकाळातील खंडाची आज केलेली वसुली होय, असे मार्क्सवादी अर्थशास्त्र शिकवते. रस्ता, मेट्रो, वीज, पाणी यांवरचा खर्च समाज करतो. अभियंत्यांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांच्या श्रमाने शहराची किंमत वाढते. मात्र ही वाढलेली किंमत जमिनीच्या कागदावर ज्याचे नाव असते त्याच्या खिशात जाते. परवानगीचा एक शिक्का जमिनीत नवे काहीही निर्माण करीत नाही. तो केवळ या खंडावरचा हक्क खुला करतो, आणि म्हणूनच शिक्क्याला भाव येतो.

हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट. समजा, नियमाप्रमाणे रस्ते, बाग व सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडून सुमारे २४,००० चौरस फूट विकाऊ राहिली, तर तीस बाय चाळीसचे २० भूखंड होतात. तोच विकासक बिनशेती न करता, रस्ते अरुंद ठेवून, बाग गाळून, ओढ्याचा काठ पोटात घेऊन २८ भूखंड पाडू शकतो. हे वरचे आठ भूखंड म्हणजे मुलांचे क्रीडांगण, पावसाच्या पाण्याची वाट आणि रुग्णवाहिकेचा रस्ता आहेत. भूखंडाचे श्रीखंड म्हणतात ते हेच. अशा वसाहतींना बंगळुरात ‘रेव्हेन्यू लेआउट’ म्हणतात आणि तेथील घरांच्या वाट्याला दुय्यम दर्जाचा ‘बी खाता’ येतो. विकासक पैसे घेऊन निघून जातो. कर भरूनही अनधिकृत ठरण्याची टांगती तलवार हप्त्यावर घर घेतलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर राहते.

शेतकरी एकजिनसी नाही

‘शेतकऱ्यालाच जमीन विकायची असेल तर अडवणारे तुम्ही कोण?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. तो धुडकावून लावता कामा नये. तळ्यात सांडपाणी मुरले, शेतमालाला भाव नाही, मुलगा शेतीत राहू इच्छित नाही, अशा स्थितीत दोन एकरांचा धनी जमीन विकू पाहतो, हे नैसर्गिकच आहे. परंतु तो कोणत्या क्षणी आणि कोणत्या भावाने विकतो? वापरबदल होण्याआधी, शेतीच्या भावाने. आराखड्यातील रेघ कोठे सरकणार हे ज्याला आगाऊ कळते तो दलाल व त्याच्यामागचा पुढारी मधला फरक गिळतो. कूळ, शेतमजूर आणि कागदावर नाव नसलेली बाई यांना तर काहीच मिळत नाही.

या प्रदेशात आणखी एक वर्ग आहे. दलित कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनी हस्तांतरित होऊ नयेत म्हणून कर्नाटकात १९७८ साली स्वतंत्र कायदा झाला. तरीही अशा जमिनी कवडीमोलाने हातोहात गेल्या. पुढे न्यायालयाने ‘वाजवी मुदतीत’ दाद मागण्याची अट घातल्यावर अनेकांचे दावे बुडू लागले. ती अडचण दूर करण्यासाठी २०२३ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. महादेवपुरा हा २००८ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. राखीव जागेवरून आमदार निवडून जातो. राखलेली जमीन मात्र राहत नाही, ही विसंगती बोलकी आहे.

१९७४ साली देवराज अर्स यांच्या सरकारने जमीनसुधारणा कायद्यात मूलगामी दुरुस्ती करून कुळवहिवाट संपवली. बिगरशेतकऱ्याने आणि मोठ्या बिगरशेती उत्पन्नाच्या माणसाने शेतजमीन घेऊ नये, हा बांध कलम ७९-अ व ७९-ब यांनी घातला होता. उत्पन्नाची मर्यादा वाढवत वाढवत तो आधी पोखरण्यात आला आणि २०२० च्या दुरुस्तीने ही कलमेच रद्द करण्यात आली. बांध फुटल्यावर शेत कोणाचे भिजते आणि कोणाचे वाहून जाते, हे सांगण्याची गरज नाही.

कायद्याची दोन मापे

बेळ्ळंदूर तळ्याला २०१५ नंतर वारंवार आगी लागल्या. पाण्यावर पेट घेणारा फेस जगाने पाहिला. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये तळ्यांभोवतीचा संरक्षित पट्टा ७५ मीटर केला. आगरा आणि बेळ्ळंदूर या तळ्यांमधील बड्या बांधकामांच्या याच खटल्यात मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाढीव पट्टा रद्द केला, कारण आराखड्यात ३० मीटरच लिहिलेले होते. आराखड्यातील एक आकडा किती एकरांचे भवितव्य ठरवतो, याचे हे उदाहरण आहे.

आता दुसरे माप पाहा. जानेवारी २०२० मध्ये याच भागात, करियम्मन अग्रहार आणि मुन्नेकोळाल परिसरात, स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या झोपड्या ‘बेकायदा’ आणि ‘बांगलादेशी’ ठरवून एक-दोन दिवसांत जमीनदोस्त करण्यात आल्या. त्यांत कलबुर्गी, रायचूर, यादगीरकडील मजूरही होते. उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. ज्यांनी इमारती बांधल्या त्यांची पत्र्याची खोली दोन दिवसांत पडते आणि ओढ्यावरचा मनोरा मोजणीच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे उभा राहतो. एंगल्सने घरांच्या प्रश्नावरची लेखमाला १८७२ साली लिहिली. भांडवली व्यवस्था हा प्रश्न सोडवीत नाही, केवळ जागा बदलते, हे तिचे सूत्र येथे रोज पडताळून पाहता येते.

संघर्षाचे धडे

तथापि निराश होण्याचे कारण नाही. शेजारच्या देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीत १३ गावांची १,७७७ एकर जमीन औद्योगिक मंडळाने संपादनासाठी काढली. द्राक्षे, फुले, भाजीपाला पिकवणाऱ्या या गावांनी तीन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने धरणे धरले. शेतकरी, दलित, डाव्या व कामगार संघटना एकत्र आल्या आणि १५ जुलै २०२५ रोजी संपादन सोडून देत असल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांना करावी लागली. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. रायगडमध्ये प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढा झाला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण भागातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला आणि तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली एकेक भूखंडाचा वापर बदलण्याची वाट काढण्यात आली. जनतेने दाद मागितली आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालील नियम रद्द केले.

डाव्या चळवळीलाही हा प्रश्न इतरांपुरता मानता येणार नाही. सिंगूरची सुमारे हजार एकर जमीन डाव्या आघाडीच्या राजवटीत संपादन झाली आणि ते संपादन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली रद्दबातल ठरवले. उद्योग हवा, रोजगार हवा, हे खरेच. पण ज्याची जमीन आहे त्याला विश्वासात न घेता आखलेला उद्योग जनतेच्या पक्षाला जनतेपासून तोडतो, हा धडा महाग पडला आहे.

पुढील कार्यभार

यातून कार्यकर्त्यांपुढे ठोस कामे उभी राहतात. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होताच तो मराठी-कन्नड वाचू शकणाऱ्या साध्या माणसाच्या भाषेत गावोगाव समजावून सांगणे व मुदतीत हरकती दाखल करणे. वापरबदलाचा प्रत्येक अर्ज सर्व्हे नंबरासह गावच्या फलकावर लागावा आणि ग्रामसभेच्या किंवा प्रभागसभेच्या ठरावाशिवाय तो मंजूर होऊ नये, अशी मागणी लावून धरणे. वापरबदलामुळे वाढलेल्या किमतीचा मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीत यावा व त्यातून कामगारांची घरे बांधली जावीत, हा आग्रह धरणे. कूळ, शेतमजूर, दलित जमीनधारक आणि स्त्रिया यांचे हक्क व्यवहाराआधी निश्चित करून घेणे. आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुका वेळेवर घेण्यास सरकारला भाग पाडणे. कारण जेथे सभागृह रिकामे असते तेथे दलालांची बैठक भरलेली असते.

शेतमजूर आणि गवंडी, छोटा शेतकरी आणि बी खात्यावरचे घर हप्त्याने फेडणारा कारकून, हे एकमेकांचे शत्रू आहेत असे भासवण्यात सत्ताधाऱ्यांचा फायदा आहे. पाणी शिरते ते या सर्वांच्याच घरात. त्यांची एकजूट उभारणे हे काम नकाशा वाचण्यापासून सुरू होते. ते प्रत्येक शाखेने आपल्या गावाच्या, आपल्या प्रभागाच्या नकाशापासून हाती घ्यावे.