जर्मलचं पातेलं आणि डोंगर



आपल्या चुलीवर जर्मलचं पातेलं असतं. त्याचं खरं नाव ॲल्युमिनियम. पूर्वी हा धातू चांदीसारखा महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या दोन तरुणांनी विजेच्या जोरावर तो काढायची रीत शोधली. भाव उतरला, जगभर कारखाने निघाले.

आता हिशोब बघा. एक टन ॲल्युमिनियमला सुमारे चार टन बॉक्साईट लागतं, म्हणजे डोंगरमाथ्याचा तांबडा दगड. वर चौदा हजार युनिट वीज. म्हणून कारखान्याला डोंगर आणि वीज, दोन्ही स्वस्तात पाहिजेत. ओडिशात १९५७ ला हिराकूड धरण झालं, गावं बुडाली. त्याच विजेवर ॲल्युमिनियमचा कारखाना आला. मालाचा भाव मात्र ठरतो लंडनच्या धातूबाजारात. त्या भावात आपलं रान, आटलेला झरा धरलेला नसतो.

आपण विज्ञानाच्या विरोधात नाही. पातेलं आपल्यालाही लागतं. पण हिशोब आपल्याला विचारून झाला पाहिजे. नियमगिरीच्या खाणीबाबत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा असं सांगितलं. डोंगरिया कोंधांच्या मुलखातल्या बाराही ग्रामसभा ‘नाही’ म्हणाल्या. डोंगर वाचला.

वनहक्क कायदा आपल्यालाही तोच आहे. मोजणीवाले आले की आधी ग्रामसभा बोलवा. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.