गेट नाही म्हणजे फुकट नाही: पोर्टलंडच्या मॅक्स ट्रेनने फिरताना

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलूया ट्रेनबद्दल.

अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंड शहर आहे. शेजारी हिल्सबरो. तिथे इंटेल असल्यामुळे आपली बरीच मंडळी नोकरीला जातात, काही जण पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला. पहिले काही महिने ना गाडी, ना लायसन्स. मग आधार कुणाचा? मॅक्सचा. ही तिथली लाइट रेल, १९८६ पासून चालू आहे.

लाइट रेल म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधलं काहीतरी. डाउनटाउनमध्ये ती रस्त्यावरून हळू जाते, बाहेर पडली की स्वतःच्या रुळांवरून पळते. गाडीला डबे दोनच. कारण मजेशीर आहे: पोर्टलंडच्या मधल्या भागातले ब्लॉक फक्त २०० फुटांचे, म्हणजे साधारण ६१ मीटरचे. गाडी याहून लांब केली तर थांब्यावर उभी असताना मागचा चौक अडेल!

आता मुद्द्याचं. पुणे मेट्रोची सवय असलेला माणूस स्टेशनवर गेट शोधतो. इथे गेटच नाही. सरळ चढा, बसा, उतरा. मग वाटतं, फुकट आहे की काय? नाही हो. आपली मुंबईची लोकल आठवा. तिथेही दारात कुणी अडवत नाही, पण टीसी कधीही समोर उभा राहतो. इथेही तसंच. तिकीट तपासनीस गाडीत येतात आणि मोठा दंड होऊ शकतो. नवीन माणसाच्या महिन्याच्या बजेटला एवढा फटका परवडत नाही. डाउनटाउनमध्ये पूर्वी खरंच फुकट प्रवास होता, पण ती सोय २०१२ मध्ये बंद झाली. त्यामुळे कुणी जुनी माहिती सांगितली तर विश्वास ठेवू नका.

तर करायचं काय? 'हॉप' नावाचं कार्ड घ्या किंवा ते फोनमध्ये टाका. मॅक्सचं टॅप करायचं मशीन गाडीत नसतं, प्लॅटफॉर्मवर असतं. म्हणजे चढण्याआधीच टॅप. बसमध्ये मात्र मशीन ड्रायव्हरजवळ असतं. स्क्रीनवर हिरवी खूण दिसली की झालं. उतरताना टॅप करायची गरज नाही.

आता हिशोब बघा. मोठ्या माणसाचं तिकीट २.८० डॉलर, अडीच तास चालतं. त्या वेळात मॅक्स बदला, बस पकडा, परत या, जादा पैसे नाहीत. अडीच तासांनंतर पुन्हा टॅप केलंत की आणखी २.८० जातात. दिवसाचे ५.६० झाले की त्या दिवशी पुढचा प्रवास फुकट. तसंच महिन्याचे १०० डॉलर झाले की उरलेला महिना फुकट. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे अठराव्या दिवशीच शंभर पूर्ण होतात. पास आधी काढायला नको, सिस्टिम स्वतः मोजते.

पण एक अट आहे. सिस्टिम माणूस ओळखत नाही, कार्ड ओळखते. सकाळी कार्ड, संध्याकाळी फोन असं केलंत तर दोन वेगळे हिशोब चालू होतात आणि सवलत हातची जाते. म्हणून एकच कार्ड धरा आणि फुकटच्या फेरीलाही दर वेळी टॅप करा. फोन वापरत असाल तर चार्जिंग सांभाळा. बंद फोन दाखवून तिकीट सिद्ध होत नाही.

आई-बाबा भेटायला आले की हे जास्त उपयोगी पडेल. एका कार्डावर दोघं तिघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं हवं. ६५ च्या पुढच्यांना अर्धं तिकीट, १.४० डॉलर. त्यासाठी वयाचा पुरावा दाखवून सवलतीचं हॉप कार्ड करून घ्यावं लागतं. नुसतं बँकेचं कार्ड टॅप केलं तर पूर्ण भाडं कापलं जातं. विमानतळावरून रेड लाइन पकडा. २०२४ पासून ती थेट हिल्सबरोपर्यंत जाते, मध्ये गाडी बदलायची गरज नाही. गाडीवर लिहिलेलं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. दार उघडलं नाही तर घाबरू नका, दारावरचं बटण दाबा.

शेवटचं, आणि हे तुम्हा इयरफोनवाल्यांसाठी. डाउनटाउनमध्ये रूळ रस्त्यातच आहेत. ट्रेन कारसारखी पटकन थांबत नाही आणि एक गेली की उलट्या बाजूने दुसरी येऊ शकते. रूळ ओलांडताना इयरफोन काढा, दोन्हीकडे बघा. आमचा एपिसोड पॉज करा, तो कुठे पळून जात नाही.

चला, भेटू पुढच्या भागात!