टॅबलेट : उपभोगाचे साधन की निर्मितीचे?



1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील रोपट्याच्या वाढीचे एकेक चित्र टिपून लघुपट केला होता. स्थिरचित्रांतून गतीचा आभास निर्माण करण्याचे तेच तत्त्व आज टॅबलेटवरील स्टॉप-मोशन अ‍ॅपमुळे शाळकरी मुलांच्या हाती आले आहे. मातीची बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. सेकंदाला 12 चित्रे धरल्यास अर्ध्या मिनिटासाठी 360 चित्रे लागतात.

फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला खर्च पडे. आता हा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे. त्यामुळे चुकण्याची व सुधारण्याची मुभा गरीब मुलालाही मिळू शकते. शिवाय कथा, बाहुल्या, प्रकाश, ध्वनी अशी श्रमविभागणी होत असल्याने पाच मुलांना एक टॅबलेट पुरतो. दुर्मिळ राहतो तो शिक्षकाचा वेळ.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने कलेशी सांगड घातलेल्या, अनुभवाधारित अध्ययनावर भर दिला आहे. मात्र उपकरणांबरोबर शिक्षक-प्रशिक्षणाची व वेळापत्रकात तासांची तरतूद झाली नाही, तर तोच टॅबलेट केवळ चित्रफिती पाहण्यापुरता उरेल. पाहणारे आणि घडवणारे यांच्यातील अंतर हीदेखील डिजिटल दरीच होय. म्हणून अशा योजनांचे मूल्यमापन करताना किती टॅबलेट वाटले याबरोबरच मुलांनी त्यांवर काय घडवले, हेही विचारावे.