घारापुरीच्या स्तूपापर्यंत जाऊ या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी 6 डिसेंबरला पोखर्णीतून आणि आसपासच्या खेड्यांतून आपली माणसं चैत्यभूमीवर जातात. अभिवादन झाल्यावर काहीजण गेटवेवरून बोटीनं घारापुरीही पाहून येतात. तासाभराचा समुद्र आहे. पोर्तुगीजांना या बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून 'एलिफंटा' हे नाव पडलं. 1987 साली युनेस्कोनं इथल्या लेण्यांचा जागतिक वारशात समावेश केला. कायमची वीज मात्र 2018 साली, समुद्राखालून केबल टाकून आली.

बेटावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर मोठं लेणं आणि तीन मुखांची भव्य मूर्ती आहे. लोक ती पाहतात, फोटो काढतात आणि परत बोटीत बसतात. पण पूर्वेच्या टेकडीवर विटांचा प्राचीन स्तूप आहे, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, अपुरं राहिलेलं लेणं आहे. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. सोपारा, कान्हेरी, घारापुरी ही समुद्रव्यापाराच्या वाटेवरची ठिकाणं. जिथं व्यापारी गेले, तिथं भिक्खूही पोहोचले. पावसाचं पाणी टाक्यात साठवून त्यांनी वर्ष काढलं. त्या टाक्याचं मोल मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको!

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. मोठं लेणं शैव आहे, सहाव्या शतकातलं आहे. उत्साहाच्या भरात त्यालाही बौद्ध म्हणू नका. पंचशीलात खोटं न बोलण्याचं शील आहे, आणि बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा पाहून बोलायला शिकवलं. जे आपलं आहे तेवढं खरेपणानं सांगितलं, तरी मान ताठ राहते. पण जे आपलं आहे, तिथं आपणच गेलो नाही, तर त्याची विचारपूस कोण करणार?

म्हणून तरुणांना विनंती आहे. पुढच्या खेपेला पूर्वेच्या टेकडीची वाट विचारा, वही सोबत न्या, पाहिलेलं लिहून आणा आणि विहारात वाचून दाखवा. सोमवारी लेणी बंद असतात. 2024 च्या डिसेंबरात याच मार्गावर बोट उलटून माणसं दगावली, तेव्हा लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. स्तूपावर चढू नका, नावं कोरू नका, आठवण म्हणून वीट उचलू नका. ती वीट तिथंच राहिली, तर आपली नातवंडंही पाहतील.

एवढं बोलून थांबतो. नमो बुद्धाय! जय भीम!