पोरगी नाटकात जाते म्हणते तेव्हा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं. ज्या ताईंना धान कापणीमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

कर्जफेडीचा विषय आटोपला, तर आता थोडा वेळ मला द्या. आज अभिनयावर बोलायचं आहे. हसू नका, विषय आपल्याच घरचा आहे.

दिवाळी झाली, धान घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, चारही जिल्ह्यांत. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक नसलं तर पाहुण्यांना चैन नाही. आपण चादर घेऊन जातो, पहाटेपर्यंत बसतो, नायिका रडली की आपणही पदर डोळ्यांना लावतो. ती नायिका कोणाच्या घरची, सकाळी कुठे झोपते, तिला किती मिळतात, हे मात्र आपण विचारत नाही.

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गटांतून मला एकच प्रश्न आला. एका मावशीने बाजूला नेऊन विचारलं, "पोरीले कंपनीनं बलावलन. धाडू का नोको?" आवाज इतका हळू, जसं काही आजारपणाचं सांगते आहे. तीच पोर रोवणीला परगावी गेली होती, तेव्हा मावशीने सगळ्या बैठकीत सांगितलं होतं! मजुरीला गेली तर कष्टाळू आणि नाटकाला गेली तर लोक काय म्हणतील. हा फरक कुठून आला?

जुना आहे तो. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने ते केलं. त्याच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून एकटीने मुलगी वाढवत होत्या. आपल्या गटातल्या एकल ताईंना यापेक्षा जास्त सांगायला नको. आज आपण ज्यांना पहिल्या अभिनेत्री म्हणून मान देतो, त्या आधी पोट भरायला निघालेल्या बाया होत्या.

आणि विठाबाई नारायणगावकर. तमाशाच्या बोर्डावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, हा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. लोक तो कौतुकाने सांगतात. मला ऐकताना राग येतो. ओल्या बाळंतिणीला परत नाचायला यावं लागलं, याचं कौतुक कसलं? त्यांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा शेवटच्या आजारपणाचा खर्च भागवायला लोकांच्या मदतीची गरज पडली. टाळ्या भरपूर होत्या, गाठीला पैसा नव्हता.

तरी मी त्या मावशीला "नोको" म्हटलं नाही. कारण दुसरी बाजूही आपल्याच मातीत आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या वर भूमिका. ते मुंबईला नाही गेले, इथल्याच मंडपात काम केलं. आणि पुरस्कार सोडून द्या. चार लोकांत तोंड न उघडणारी पोर हजार माणसांसमोर मोठ्याने बोलते, तिच्या बोलण्यावर मंडप गप्प होतो. ही कमाई पासबुकात दिसत नाही, पण ज्या ताईंनी ग्रामसभेत पहिल्यांदा माईक धरला, त्यांना ती माहीत आहे.

आता पासबुकातलं बघू. समजा एका रात्रीचे हजार रुपये ठरले आणि सीझनमध्ये साठ रात्री मिळाल्या. साठ हजार झाले. ऐकायला छान वाटतं. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला पाच हजार, आणि त्यातून मेकअप, साड्या, औषधपाणी जायचं. रात्रभराचं जागरण, गाडीतला प्रवास, बसलेला घसा, हे वेगळंच. घसा बसला तर त्या रात्रीचं मानधन कोण देतं? कोरोनाच्या वर्षी मंडपच पडले नाहीत, तेव्हा कितीतरी कलाकार मजुरीला गेले. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा हंगामी रोजगार आहे, त्याच्याकडे तसंच बघा. गटात कर्ज मागायला आलेल्या ताईला आपण किती प्रश्न विचारतो! तेवढे कंपनीला विचारा.

किती प्रयोगांचं ठरलं? पैसे रात्रीला की महिन्याला? प्रयोग रद्द झाला तर? मुक्काम कुठे, गाडीत दुसरी बाई आहे का? हे कागदावर घ्या, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत आईच्या पेटीत ठेवा. "आपल्यात कागद कशाला" म्हणणारा मालक असेल तर मी तरी पोर पाठवणार नाही. त्रास झाला तर 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला स्थानिक तक्रार समिती असते, दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या बाईलाही तिथे तक्रार करता येते. 181 हा नंबर पोरीला पाठ पाहिजे. आणि सीझनमध्ये गटाची बचत थांबवू नका, उलट वाढवा. चैत्रापासून दिवाळीपर्यंत तीच कामी येईल.

शिक्षण सोडून जाऊ देऊ नका, हे मी हट्टाने सांगते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकायचं तर पदवी लागते, नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो. तिथे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. आपल्या मंडपात काम केलेली पोर बारावीतच अडकली, तर अनुभव असूनही दार बंद.

अजून एक. आपल्या गावांत दंडार केलेले, नाटकात आयुष्य घातलेले म्हातारे कलाकार आहेत. राज्य सरकारची ज्येष्ठ कलाकारांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. त्यात कलेचं काम केल्याचे पुरावे मागतात, आणि तिथेच आपली माणसं अडकतात. नाटकाचं पत्रक दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला जातं, हारासोबत मिळालेलं प्रमाणपत्र उंदीर खातात. तेव्हा घरातली जुनी पत्रकं, फोटो, पेपरातलं कात्रण, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या बैठकीला आणा. सीआरपी ताई आणि मी बसून नावांची यादी करू आणि कोणाचा अर्ज भरता येतो ते बघू. नव्या पोरींनीही पहिल्या प्रयोगापासून पत्रक जपून ठेवायचं, त्यावर आपलं नाव बरोबर छापलं आहे ना ते बघून.