काठचा चारा आणि मेंढीची कलेजी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



औषध पाजूनही मेंढी का मरते, एवढ्या एका प्रश्नाचा हिशोब आज मांडू.

मेलेल्या मेंढीची कलेजी आपण कापून पाहिली आहे. पित्ताच्या नळ्यांत पानासारखे चपटे किडे असतात. हाच पर्णकृमी, डॉक्टर त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात. त्याची अंडी लेंड्यांतून पडतात. कोरड्या माळावर ती वाळून मरतात. पाण्यात पडली तर अळी निघते, पाणगोगलगायीत शिरते, तिथे एकाच्या शेकडो होतात आणि बाहेर येऊन काठच्या गवताला चिकटतात. ते गवत मेंढीने खाल्ले की फेरा पूर्ण. म्हणजे रोग काठच्या चाऱ्यात आहे.

आपण काठावर हौसेने जात नाही. गायराने घटली, माळ नांगराखाली गेले. पावसाळा सरला की हिरवे उरते ते कालव्याच्या पाझरावर, तळ्याकाठी आणि कोकणातल्या भातखाचरांत. वाडा तिथेच जाणार. पाणी ओसरताना उघडे पडणारे गवत सर्वांत घातक.

आता औषधाचे. आम्ही स्वतः आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचून निश्चिंत बसलो आणि मेंढ्या गमावल्या. ते गोल जंतांवर चालते, पर्णकृमीवर नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठे किडे मारते, पण कलेजी पोखरत जाणारी पिल्ले त्यातून वाचतात. ट्रायक्लाबेंडाझोल लहानमोठे दोन्ही मारते. दुकानात नुसते ‘जंताचे औषध’ मागाल, तर मिळेल ते पदरी पडेल. डॉक्टरला वाड्याची वाट सांगा, मेंढीचे वजन सांगा, मगच औषध घ्या.

लेंडीत अंडी दिसली नाहीत म्हणूनही बेफिकीर राहू नका. किडा पोटात गेल्यावर अंडी घालायला तीन महिने, कधी जास्तही लागतात. जबड्याखाली पाणी उतरले, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, तर वाट पाहू नका. मेंढी मेली तर कलेजी डॉक्टरला दाखवा, कुत्र्यापुढे टाकू नका.

पाणी डोणीत पाजा. दलदलीच्या कडेला काटेरी फांद्या टाकून कळप अडवा. ओल्या काठावर चारावेच लागले, तर औषधाची वेळ डॉक्टरकडून आधीच ठरवून घ्या.

आणि एक मागणी आपण मिळून करू. वाडा चालता असतो, दवाखाना मात्र जागेवर बसलेला. मेंढ्यांच्या वाटेवरच्या प्रत्येक दवाखान्यात लेंड्यांची तपासणी झाली पाहिजे, मग मेंढपाळ कोणत्याही तालुक्याचा असो. मेंढी हेच आपले भांडवल आहे. ते काठावर वाहून जाऊ द्यायचे नाही.