वहीत न लिहिलेला खर्च



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. आम्ही तो विषय आज हिशेबाच्या बाजूने मांडणार आहोत. कारण लाजेने मान खाली घालणारा माणूसही पैशाची गोष्ट कान देऊन ऐकतो.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात या रोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्ण वर्षाला आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावतात. बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या आसपास, म्हणजे संसाराचा भार खांद्यावर असतानाच, हा रोग बाईला गाठतो.

दवाखान्याच्या बिलाची सोय सरकारने पुष्कळ केली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. मग प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. तो सुटत नाही. कारण बिल हा खर्चाचा एक भाग झाला, सगळा खर्च नव्हे.

मानोरा तालुक्यातले एखादे कोरडवाहू कुटुंब डोळ्यांपुढे आणा. रोग पुढे गेलेला असला की किरणोपचार घ्यावे लागतात. आठवड्यातून पाच दिवस, असे पाचेक आठवडे. त्यानंतर आतून द्यावयाचे किरण वेगळे. अकोला गाठा की नागपूर, रोजची ये-जा दुखणाइताला झेपत नाही. मुक्काम करावा लागतो आणि सोबत एक माणूस लागतो. मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली आणि दोघांचे ४० दिवस मोडले, तर २४ हजार रुपये नुसते बुडाले. त्यात एस. टी. चे भाडे नाही, खोली नाही, जेवण नाही. हे दिवस सोयाबीन काढणीचे निघाले, तर शेतातला माल कोणी आणावयाचा? मग गोठ्यातली जोडी विकली जाते, उसनवारी होते आणि चूल सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते. त्या शाळेची किंमत कोणत्या योजनेने भरून द्यावी?

याहून खोल एक गोष्ट आहे. निंदणी, वेचणी, शेणपाणी, सासूचे औषधपाणी ही बाईची कामे आपण मिळकतीत कधी धरलीच नाहीत. जे मिळकतीत धरले नाही, ते बुडाले तरी तोट्यात दिसत नाही. म्हणूनच तिचे दुखणे लांबणीवर टाकणे घराला फुकटचे वाटते. अंगावरून पांढरे जाते, मध्येच डाग दिसतो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते, आणि ती स्वतःच म्हणते, "एवढे पीक निघू द्या, मग पाहू." खरिपाचा रब्बी होतो, रब्बीचा पुन्हा खरीप. आमच्या मते या रोगातला सर्वांत महाग खर्च हा थांबण्याचा आहे.

वास्तविक हा रोग घाई करीत नाही. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षे जातात. एवढी मुदत कोणता सावकार देतो? या मुदतीत दोष सापडला, तर तो बहुधा थोड्या वेळाच्या उपचाराने, मुक्काम न करता काढता येतो.

ही पुस्तकातली आशा नव्हे. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. ज्या गावांत विषाणूची चाचणी एकदाच केली गेली, तेथे वाढलेल्या अवस्थेतला रोग आणि मृत्यू यांचे प्रमाण आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने तपासणी करविली. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. असे असून २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या तिशी ते पन्नाशीच्या शंभर स्त्रियांत अशी तपासणी झालेल्या जेमतेम दोन निघाल्या! मुलींसाठी ९ ते १४ या वयात द्यावयाची लसही आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली.

तेव्हा समाजाने काय करावे? राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा तपासणी ठरविलेली आहे. पण बाईला त्या दिवशी मजुरी सोडावी लागते. वाशिम-कारंज्याच्या व्यापाऱ्यांनी आणि बागायतदारांनी आपल्याकडील मजूर बायांना तपासणीचा तो एक दिवस पगारी द्यावा. बचत गटांनी बचतीच्या वहीत तपासणीचे एक घर आखावे. आणि पुरुषांनी, "तुला काय झाले आहे?" असे न विचारता, "केव्हा जायचे?" असे विचारावे.

एका दिवसाची मजुरी एका बाजूला आणि ४० दिवस, बैलजोडी, मुलीची शाळा व कदाचित आईच दुसऱ्या बाजूला. हा हिशेब समजावयास मोठे शिक्षण लागत नाही. तो आपण आज घरी जाऊन मोठ्याने मांडाल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.